उंदराच्या फुप्फुसाच्या चकतीत जिवंत पेशी टिपताना

माझ्या चकतीतले न्यूट्रोफिल (जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) एकदा जागचे हलेचनात. औषधाचाच परिणाम, असं धरून मी अख्खी दुपार चित्रण केलं. संध्याकाळी कळलं, सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजचा हीटर बंद होता. गार पडलेल्या पेशी चालत नाहीत. म्हणून आधी तापमान बघा, मग निष्कर्ष काढा.

नैतिक समितीची परवानगी हातात असल्याशिवाय सुरुवात करू नका. लो-मेल्टिंग ॲगरोज (फुप्फुसात भरायची, कमी तापमानाला वितळणारी जेली) २ टक्के करा, वितळवून ३७ ते ४० अंशांवर आणा. जास्त गरम भरलं तर वायुकोश भाजतात, गार झालं तर श्वासनलिकेतच गोठतं. श्वासनलिकेत नळी घालून साधारण एक मिलिलिटर अगदी सावकाश सोडा. डावा खंड फुगून कडांपर्यंत गुळगुळीत दिसला की थांबा. मग फुप्फुस बर्फावर ठेवा. एकदा गोठलेलं हे ॲगरोज ३७ अंशांना पुन्हा वितळत नाही, त्यामुळे चकती ऊबेतही आकार धरून राहते.

व्हायब्राटोमवर (थरथरत्या पात्याने पातळ काप करणारं यंत्र) थंड बफरमध्ये (क्षारांचं द्रावण) ३०० मायक्रॉनच्या चकत्या कापा. घाई केली की ऊती फाटते. चकत्या कोमट माध्यमात धुऊन ३७ अंशांना, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. आता साध्या प्रकाशात श्वासवाहिनीची कड शोधा. तिथल्या पेशींवरचे सूक्ष्म केस लवलवताना दिसले तर चकती जिवंत आहे. मला तरी याहून भरवशाची खूण माहीत नाही. मेलेल्या पेशी प्रोपिडियम आयोडाइड या रंगाने लाल दिसतात.

सीडी४५ (सगळ्या पांढऱ्या पेशींवरची खूण) किंवा एलवाय६जी (न्यूट्रोफिलवरची खूण) यांना चिकटणारी रंगीत प्रतिपिंडं लावा, पण एक चकती बिनरंगाची ठेवाच. वायुकोशातले मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) स्वतःच चमकतात आणि फसवतात.

टू-फोटॉन (ऊतीत खोलवर बघणारा लेसर सूक्ष्मदर्शक) असेल तर जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी ९२० नॅनोमीटर चालतं. कापलेला पृष्ठभाग जखमी असतो, तेव्हा थोडं आत जा. दर ३० सेकंदांनी एक थर-संच (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांचा गठ्ठा) घ्या, निदान २० मिनिटं. लेसर शक्य तितका मंद ठेवा: सगळे न्यूट्रोफिल एकाच ठिपक्याकडे धावू लागले तर तो बहुधा तुम्हीच केलेला चटका असतो.

चकतीत रक्त वाहत नाही, श्वासही चालत नाही. रक्तातून नव्याने येणाऱ्या पेशी बघायच्या असतील तर जिवंत उंदराच्या फुप्फुसावर हलक्या निर्वाताने खिडकी बसवावी लागते. ते तंत्र २०११ मध्ये लूनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं.