पन्नाशीनंतर पुन्हा नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड : निघण्यापूर्वीची तयारी

पायथ्याच्या बेलपाडा गावाहून नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, हरिश्चंद्रगडावर तरुणपणी गेलेल्या माणसाला वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा तिथे जावेसे वाटले, तर त्याने सर्वांत आधी कपाटातले ट्रेकिंगचे बूट बाहेर काढावेत. तब्येत, सोबती, दोर हे सगळे नंतर पाहावे. चामडे शाबूत आहे, नाड्या बदलल्या आहेत, खाली खाचाही दिसत आहेत, एवढ्यावर समाधान मानू नये. अनेक बुटांमध्ये बाहेरचा रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. हा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू आतून कुजतो, मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तर अधिकच, आणि बूट वापरात नसले तरी ही झीज थांबत नाही. मागच्या खेपेस माझ्या यादीत नेमके हेच नव्हते, आणि नळीच्या मध्यावर, मागेही फिरता येईना आणि पुढेही सरकता येईना अशा जागी, उजव्या बुटाचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत सुटून हातात आला.

म्हणून मधला थर अंगठ्याने दाबून पाहावा. त्यावर बारीक भेगा असतील, भुगा निघत असेल किंवा तो चिकट लागत असेल, तर ते बूट टाकून द्यावेत. कुजलेल्या थरावर सरस धरत नाही, त्यामुळे चिकटवून घेण्याचा विचारही करू नये. बूट बाहेरून धड दिसले तरी जिन्यावर, टेकडीवर, पाठीवर ओझे घेऊन तीन-चार आठवडे तेच बूट घालून चालावे. तुटायचे असतील तर ते घराजवळ तुटू देत. नवे घेतले तरी एवढेच दिवस चालायचे. आदल्या रात्री नवे बूट पायात चढवणाऱ्यांशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

आता शरीराचे. डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी, गरज असेल तर ट्रेडमिलवरची चाचणीसुद्धा, महिना-दोन महिने आधी करून घ्यावी, म्हणजे काही निघाले तर उपचारांना वेळ मिळतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि अंगातले पाणी कमी होते. दिवसभराच्या चढाईत त्या कशा घ्यायच्या हे डॉक्टरांनाच विचारावे, स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नये. सराव बहुतेक जण फक्त चढण्याचा करतात, पण गुडघे आणि मांड्या खऱ्या भरून येतात त्या उतरताना. त्यामुळे जिना चढून लिफ्टने खाली येणे हा सराव नव्हे, उतरणेही पायांनीच व्हायला हवे. चष्म्याचाही विचार करावा. दूरचे आणि जवळचे एकाच काचेत दिसणारा चष्मा असेल, तर खाली पाहताना नजर वाचण्याच्या भागातून जाते आणि पाय ठेवायची जागा धूसर होते. फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा आणि सरावातही तोच वापरावा, त्याच बुटांबरोबर.

वेळ हिवाळ्याची निवडावी. पावसाळ्यात नळी म्हणजे पाण्याचा लोंढा वाहून नेणारी घळ, आणि पाऊस सरल्यावरही कातळावरचे शेवाळ वाळायला अवधी लागतो. स्थानिक वाटाड्या घ्यावाच. पूर्वी आपण वाटाड्याशिवाय गेलो होतो ही सबब चालणार नाही, कारण घळीतले धोंडे दर पावसाळ्यात हलतात आणि आठवणीतली खूण जागेवर असेलच असे नाही. कातळटप्प्यांसाठी दोर आणि तो नीट बांधता येणारा माणूस, घसाऱ्यात वरून सुटणाऱ्या दगडांसाठी प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण, आणि दोन माणसांत इतके अंतर की एकाच्या पायाखालचा दगड दुसऱ्यावर जाऊ नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य.

पाणी माणशी चार लिटर. वाटेत मिळेल यावर विसंबू नये. वयाबरोबर तहान उशिरा जाणवते, त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. खाणे, विजेरी, प्रथमोपचार ही नेहमीचीच यादी आहे. तिच्यात फक्त रुंद चिकटपट्टी आणि दोन मीटर बारीक दोरी घालावी, कारण तळ सुटलाच तर तो पायाला बांधून माथा गाठण्याएवढी सोय त्यातून होते. पण ही सोय आहे म्हणून बुटांची परीक्षा टाळू नये. अंगठ्याने दाबून पाहिलेत का? सोबत्यांचे बूट पाहिलेत का? एकाचा तळ सुटला तर सगळ्यांचा वेग त्याच्याएवढाच होतो.

अंधार असतानाच बेलपाडा सोडावे. दुपारपर्यंत अमुक टप्पा गाठला नाही तर परत फिरायचे, हे गावातच ठरवून वाटाड्यालाही सांगावे.

उतरायला नळी नको. कल्याण-नगर रस्त्यावरच परत यायचे असल्याने तोलार खिंडीतून खिरेश्वर बरे पडते, पाचनईची वाट सोपी असली तरी गाडीला फार मोठा वळसा पडतो. मुक्काम वरच करावा, त्याच दिवशी उतरण्याचा हट्ट धरू नये. वन खात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. हातात काठी असावी, नखे कापलेली असावीत. खिरेश्वरला घ्यायला येणारी गाडी निघण्यापूर्वीच ठरवावी, आणि घरच्यांना परतण्याची वेळ आणि वाटाड्याचा फोन नंबर लिहून द्यावा.