जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरला अखेर ठिकाण मिळालं

गाडी २००७ची, तीच आता राहायचं घर: आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. पण कायमची उभी कुठे करायची? ढाबेवाले दोन रात्री सोसतात, तिसऱ्या दिवशी चौकशी सुरू. भुसावळजवळ एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात उन्हाळा निघाला. कापूस यायला लागल्यावर मालक म्हणाले, "गॅस पेटवायचा नाही." बरोबरच होतं त्यांचं, कापसाला एक ठिणगी पुरते.

शेवटी यावलकडे केळीच्या मळ्यात, निंबाखाली जमलं. भाडं, वीज, पाणी सगळं कागदावर घेतलं. पहिल्याच पावसात मागची चाकं काळ्या मातीत निम्मी रुतली! ट्रॅक्टरने ओढली, मग दोन ट्रॉल्या मुरूम टाकून वर फरश्या बसवल्या. आता हलत नाही. मे महिन्यात टपावर ओली गोणपाटं. मळेवाले अप्पा हसतात, "चाकं काढा भाऊ, घरपट्टी लावून टाकू."