‘पास आउट झालो’ असं इंग्लंडात सांगू नका

इंग्लंडात नव्याने आलेल्याचं इंग्रजी अवजड शब्दांपाशी फारसं अडत नाही. अडतं ते गेट, पुट, ब्रिंग असल्या चिमुकल्या क्रियापदांना अप, ऑफ, बॅक चिकटलं की. दोन्ही शब्द ओळखीचे, अर्थ तिसराच. आपणही ‘बोलून टाक’ म्हणतो, तेव्हा काय टाकतो?

आधी ‘पास आउट’ सोडा. पुण्यात ‘२०१८ला पास आउट झालो’ म्हणजे डिग्री मिळाली. इथे मुलाखतीत तेच ऐकणाऱ्याला वाटेल, भोवळ येऊन पडलात. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तारखांचा. बुधवारची मीटिंग ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाली, की आपल्या डोक्यात ‘पुढे ढकलली’ येतं आणि गडी गुरुवारी हजर. ती अलीकडे आलेली असते, सोमवारी किंवा मंगळवारी. आपलं ‘प्रीपोन’ ते हेच. पुढे ढकलली तर ‘पुट बॅक’. खात्री नसेल तर लगेच विचारा: ‘सो व्हिच डे इज इट नाउ?’ यात कमीपणा नाही, इंग्रजसुद्धा विचारतात.

अर्थ ओळखायचा तर आधी कर्म बघा, मग जागा. मुलांना ‘ब्रिंग अप’ करणं म्हणजे वाढवणं. मीटिंगमध्ये पगार ‘ब्रिंग अप’ केला म्हणजे विषय काढला. खोकला घेऊन गेलात आणि डॉक्टरने विचारलं, ‘आर यू ब्रिंगिंग एनिथिंग अप?’, तर तो बेडक्याबद्दल विचारतोय.

तोच डॉक्टर ‘आय विल साइन यू ऑफ फॉर टू वीक्स’ म्हणाला तर घाबरू नका: दोन आठवडे कामावर जायचं नाही, त्यासाठी तो ‘फिट नोट’ देईल. आजारपण सात दिवसांपर्यंतचं असेल तर ती लागत नाही. मात्र या सातांत शनिवार-रविवारही मोजतात. ऑफिसात बजेट ‘साइन्ड ऑफ’ झालं म्हणजे मंजूर झालं. आणि ‘साइन ऑन’ म्हणजे बेकारभत्त्यासाठी नाव नोंदवणं, तेव्हा नवी नोकरी लागल्याचं त्या शब्दांत सांगू नका.

वहीत नुसता शब्द लिहू नका, ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा. त्यात ‘इट’ कुठे बसतं तेही दिसतं: ऑफर नाकारली तर ‘आय टर्न्ड इट डाउन’, ‘टर्न्ड डाउन इट’ कुणी म्हणत नाही.