सही असलेला इराणी गालिचा पारखताना
किनारीत विणलेली सही पाहून भाव मान्य करण्याआधी गालिचा उलटा करावा. ही सही बहुधा विणकराची नसून कारखानदाराची असते, आणि इस्फहानच्या सैराफियान घराण्याचे नाव तर इतके मोलाचे ठरले आहे की ते परक्या मालावरही आढळते. कधी जुन्या गाठी काढून ते मागाहून भरलेले असते. म्हणून सहीभोवतीच्या गाठींचा आकार, घट्टपणा आणि लोकरीची रंगछटा पाठीमागून भिंगाने तपासावी, आणि उरलेल्या विणीशी फरक दिसल्यास मी तरी तो गालिचा घेणार नाही. इराणमधील नाईन या शहरच्या गालिच्यात झालरीचा एक दोरा उलगडून त्यातील धागे मोजावेत : ९ धाग्यांपेक्षा ६ आणि ६ पेक्षा ४ धाग्यांची वीण सहसा अधिक बारीक असते.