दोन सीटर गाडीला डोअर बार बसवताय? आधी हे वाचा

उघड्या दोन सीटर गाडीत, मग ती बाहेरून आणलेली मझदा एमएक्स-५ असो नाहीतर आपली देशी सॅन स्टॉर्म, दाराची जागा सगळ्यात कच्ची असते. वर छत नाही, त्यामुळं गाडीचा पुढचा आणि मागचा भाग खालच्या पट्टीवरच एकमेकाला धरून असतो. म्हणून ट्रॅकवर पळवणारे डोअर बार, म्हणजे दाराच्या उघड्या जागेत आडवा जाणारा स्टीलचा पाइप, बसवतात, आणि बसवावाच. पण मागं रोल बार (सीटमागं उभी केलेली पाइपची कमान) नसेल तर हा विषयच काढू नका, कारण डोअर बारचं मागचं टोक त्यालाच धरायचं असतं.

पाइपचं आधी बोलू. तयार किट मागवलं तर प्रश्न मिटला, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनवून घेणार असाल तर सीमलेस पाइपच घ्या. केजमधल्या (गाडीच्या आतल्या पाइपांच्या संरक्षक सांगाड्यातल्या) अशा पाइपला एफआयएच्या, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमात कमीत कमी ३८ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, नाहीतर ४० मिमी आणि २ मिमी, असं माप आहे. ग्रिल-गेटचा पाइप दिसायला तसाच असतो पण त्याला उभी शिवण असते, कापलेल्या टोकात बोट फिरवून बघा, रेघ हाताला लागली तर तो पाइप परत द्या. कारागीर आपल्याकडं एक नंबर आहेत, पण पाइप कुठला वापरायचा ते तुम्हीच सांगायचं, "चालतंय की" वर सोडायचं नाही.

आता गाडी खोला. बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा मगच सीट काढा, सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा बेल्टचे असतात, ओढाताण करू नका. मग दाराखालची पट्टी, कार्पेट, सगळं बाहेर. आपल्याकडच्या पावसात कार्पेटखाली पाणी मुरतं, त्यामुळं पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, आत गेला तर आधी पत्र्याचं काम करून घ्या, गंजक्या पत्र्याला बार लावून काही उपयोग नाही. सॅन स्टॉर्मवाल्यांनी तर फार लक्ष द्यावं, बॉडी फायबरची आहे, बोल्ट स्टीलमध्येच गेला पाहिजे, फायबर काही धरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मापाला द्या. गाडी चाकांवर सपाट फरशीवर उभी पाहिजे, जॅकवर नाही, कारण उघडी गाडी एका कोपऱ्यातनं उचलली की बॉडी वाकते आणि दाराची फट बदलते, तशा अवस्थेत बार बसवला तर खाली उतरवल्यावर दार घासणार. बार नुसता हातानं धरून जागेवर लावा, सीट परत ठेवा, तुम्ही स्वतः बसा, दार पूर्ण बंद करा, काच वरखाली करा, हँडब्रेक ओढा, बेल्ट लावा, स्टेअरिंग दोन्ही बाजूला शेवटपर्यंत फिरवा आणि कोपर कुठं लागतं बघा. उंचीचंही बघा, दाराच्या उघड्या जागेच्या निम्म्याच्या वर बार जाता कामा नये, नाहीतर बाहेर पडायला अडचण, आणि गडबडीत बाहेर पडायची वेळ आली तर तेच महागात पडतं. क्रॉस बार, म्हणजे फुलीसारखे एकमेकाला छेदणारे दोन बार, जास्त ताकदीचा, पण रोज चढ-उतर करायची असेल तर सरळ एकेरी बारच बरा वाटतो मला.

होल मारायच्या आधी गाडीखाली जाऊन बघाच. ब्रेकचा पाइप, पेट्रोलची लाइन, वायरिंग, यातलं काही पलीकडं असेल तर जागा बदला. पंच मारून आधी ३ मिमी, मग मोठा ड्रिल. कीस व्हॅक्यूमनं काढा, होलच्या कडांना प्रायमर लावा.

आणि आता खरं काम, पाय, म्हणजे बारची टोकं जिथं गाडीला बोल्टनं बसतात ती जागा. बार कितीही भारी असू दे, पत्र्यावर नुसता वायसर टाकून आवळला तर धडकेत बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. पलीकडनं प्लेट पाहिजेच, एफआयएच्या हिशोबानं किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे साधारण १० बाय १२, कोपरे गोल करून. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो बसला की मग प्लेट कापायला द्या. एका पायाला कमीत कमी तीन एम८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला बघूनच घ्या, नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहजी सैल न होणारे. सगळे बोल्ट आधी हातानं लावा, एकही आवळू नका, सगळे बसले की मग गोटी पाना. होल जुळत नसेल तर बोल्टनं बार ओढून आणू नका, होल नीट करा, नाहीतर बार कायम ताणात राहतो. एम८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो.

हात, गुडघा, डोकं पोचतं तिथं केजसाठीचं कडक पॅडिंग लावा, मऊ फोम नको.

रस्त्यावर चालवणार असाल तर कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, म्हणून आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

काम झालं की प्रत्येक नटावर पेंटची रेघ मारा, गगनबावड्यापर्यंत एक चक्कर टाकून या आणि गाडी थंड झाल्यावर रेघा बघा, एखादी सरकली असेल तर तो नट काढून नवीन नायलॉक लावा.