वयाचा रकाना: सातारा-सांगलीत मुलींच्या हक्कांसाठी काम करू पाहणाऱ्या नव्या महिला डॉक्टरांसाठी

एमबीबीएस संपवून बंधपत्राच्या (सक्तीच्या सरकारी सेवेच्या) वर्षासाठी माण, खटाव, जत, आटपाडी किंवा पाटणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू होणाऱ्या कितीतरी डॉक्टर मुली विचारतात, मुलींच्या शिक्षणासाठी काही करायचं तर सुरुवात कुठून करू? संस्था काढू का, शाळेत व्याख्यानं देऊ का? आमचं उत्तर ठरलेलं आहे. केसपेपरवरच्या वयाच्या रकान्यापासून सुरुवात करा.

हा वयाचा प्रश्न जुना आहे. डॉ. रखमाबाईंचं लग्न 11व्या वर्षी झालं. नांदायला जायला त्यांनी नकार दिला, 1884मध्ये नवऱ्याने दावा लावला आणि 1887मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद भोगा. त्या कैदेला तयार झाल्या. पुढे लंडनला जाऊन 1894मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य घातलं. त्यांच्या खटल्यावरून पेटलेल्या वादाचा 1891च्या संमतिवयाच्या (शरीरसंबंधाला संमती देण्याच्या किमान वयाच्या) कायद्याला मोठा हातभार लागला. तेव्हा ते वय 10 वरून 12 झालं, आज ते 18 आहे. पण सावित्रीबाईंचं नायगाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे, तिथेही 16 वर्षांची पोर 19ची म्हणून दवाखान्यात येते.

ती कशी येते, ते नीट बघा. सासू पुढे, मुलगी मागे. वय विचारलं की सासू म्हणते, "एकुणीस." मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहते. हातात नवा हिरवा चुडा, गळ्यात डोरलं आणि नखांवर दहावीच्या वर्गात लावतात तसली नेलपॉलिश. आशाताईंना सगळं माहीत असतं, पण त्या त्याच गल्लीत राहतात. त्यांच्यावर चिडू नका. "मावशी, जरा बाहेर बसा, तपासायचंय," म्हणा. सिस्टरांना सोबत ठेवा आणि मुलीशी एकटीशी बोला. शाळा कोणती, कितवीत सोडली, दहावीचा पेपर कोणत्या वर्षी दिला, एवढं विचारलं की खरं वय आपोआप कळतं.

मग लिहायचं कसं? नुसतं "वय 19" कधीही लिहू नका. "सांगितलेलं वय 19, कागद पाहिला नाही" किंवा "शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, जन्मतारीख अमुक" असं लिहा. पुढे प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं तर वयासाठी बाल न्याय अधिनियम 2015चं कलम 94 लागतं. आधी शाळेचा किंवा दहावीच्या मंडळाचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा त्यात क्रम आहे. हाडांच्या एक्स-रेत दोन वर्षांचा फरक दोन्ही बाजूंना पडू शकतो, म्हणून तो शेवटी. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे. लग्नाच्या तोंडावर कोणी "दात बघून अठरा पूर्ण असा दाखला द्या" म्हणत आला, मग तो सरपंच असो की ओळखीचा शिक्षक, सरळ नाही म्हणा. तुमच्या शिक्क्याचा तो एक कागद मुलीची शाळा कायमची बंद करतो.

मुलगी 18च्या आतली आणि गरोदर असेल, तर लग्न झालेलं असलं तरी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. 2017च्या ऑक्टोबरमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यात शंका उरलेली नाही. कलम 19प्रमाणे पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. नवखी डॉक्टर इथे घाबरते आणि "मिरजेला न्या," "कराडला न्या" म्हणून हात झटकते. याहून घातक काही नाही. हाकललेली मुलगी मिरजेला पोहोचत नाही, ती बोगस डॉक्टरकडे किंवा मेडिकलमधून मिळालेल्या गोळ्यांकडे जाते आणि चार दिवसांनी रक्तस्राव होत परत येते.

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी उपचार. पोलिसांचं पत्र आणलं नाही म्हणून तपासणी वा उपचार अडवता येत नाहीत. असा उपचार मोफत द्यायचा आहे आणि नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 खाली गुन्हा आहे. मग घरच्यांना शांतपणे सांगा, की कळवणं कायद्याने भाग आहे आणि त्यामुळे औषधपाणी थांबणार नाही. त्यानंतर कळवा. मुलीला गर्भपात हवा असेल तर 20 आठवड्यांपर्यंत एका आणि 24पर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. पालकाची लेखी संमती हवी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022मध्ये स्पष्ट केलं आहे, की अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. हे तुमच्या ठाणे अंमलदाराला माहीत नसेल, तर निकालाची प्रत टेबलाच्या खणात असू द्या.

अत्याचाराची तपासणी असेल तर 96 तासांच्या आत स्वॅब घ्या. ते सावलीत वाळवूनच पाकिटात घाला, ओले बंद केले की कुजतात. कपडे प्लॅस्टिकमध्ये नकोत, कागदी पाकिटात. गर्भपातानंतरचा अंश डीएनएसाठी द्यायचा असेल तर फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. सलाईनने धुवा, थंड ठेवा, मोहोर लावून पोलिसांच्या सहीनिशी द्या. फॉर्मॅलिनची बाटली टेबलावर हाताशी असते, म्हणून ही चूक फार होते आणि त्यात पुरावा हातचा जातो. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. दोन बोटांची चाचणी बंद आहे आणि "शरीरसंबंधाची सवय" असं काहीही अहवालात लिहायचं नाही. हे वाक्य अजूनही कुठे कुठे सवयीने लिहिलं जातं. तुमच्या पेनातून ते येऊ देऊ नका.

आता जे लग्न व्हायचं आहे, त्याबद्दल. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. बातमी मिळाली की 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि ग्रामसेवकाला व पोलिसांनाही कळवा. एकट्या ग्रामसेवकावर सोडलं तर काय होतं, ते त्यांनाही ठाऊक असतं. त्यांना त्याच गावात रोज बसायचं असतं. बातमी हळदीच्या दिवशी आली तर फक्त मंडप थांबतो. आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या देवळात रात्री अक्षता पडतात. म्हणून "अठराच्या आत लग्न लावणार नाही" अशा पालकांच्या हमीपत्रावर समाधान मानू नका. 2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम 13खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम घेता येतो. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं आणि हे कुटुंबाला समजावून सांगितलं की फरक पडतो. झालेलं लग्न मुलगी स्वतः 20 वर्षांची होईपर्यंत कोर्टात रद्द करून घेऊ शकते. ही गोष्ट बहुतेक मुलींना कोणीच सांगितलेली नसते. बातमी देणाऱ्याचं नाव बाहेर जाता कामा नये. नाव फुटलं की त्या गावातून पुन्हा कोणी कळवत नाही.

लग्न थांबलं की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. पुढच्या सोमवारी ती शाळेत आली का? मुख्याध्यापकांना फोन करून हजेरी विचारा. आमच्या मते या सगळ्या कामात सर्वांत उपयोगाचा कागद म्हणजे नववीच्या वर्गाचं हजेरीपत्रक. आठवीपर्यंत शिक्षणाचा कायदा हात देतो, त्यापुढे नाही. शिवाय पुष्कळ गावांतली जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीला संपते आणि पुढची शाळा दुसऱ्या गावात असते. माणदेशात तीन-चार मैलांची उघडी वाट, पाटण-जावळीत पावसाळ्यात ओढे. "पोरीला एकटी कशी धाडू?" हा आईचा प्रश्न खरा आहे, त्याला उपदेशाचं उत्तर देऊ नका. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर पास मोफत मिळतो. पास आहे पण शाळेच्या वेळेला गाडी नाही, असं असेल तर शाळा व पालक मिळून आगारप्रमुखांना लेखी अर्ज करा, खाली तुमचीही सही असू द्या. बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क 2024-25पासून, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) व ओबीसी मुलींना पूर्ण माफ आहे. दहावीच्या मुलींना हे आजच सांगा. बापाच्या मनातला खर्चाचा हिशेब तेव्हाच चालू असतो.

जतच्या पूर्व भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट वेगळी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) त्यावरच मिळते, म्हणून दिवाळीच्या आसपास टोळी निघायच्या आधी पोरीचं उरकण्याची घाई होते. ऑक्टोबरातच आशांच्या बैठकीत नववी-दहावीच्या मुलींची नावं काढा. हंगामी वसतिगृह किंवा आजीकडे राहण्याची सोय झाली तर मुलगी टिकते. आई-वडिलांबरोबर गेलीच, तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जाऊ द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखल करताना अडत नाही. त्या सीमेवरच्या गावांत कानडी बोलतात. "होट्टे नोव्वा?" (पोट दुखतंय का?) एवढं विचारता आलं तरी बाई मोकळी होते.

शाळेत गेलात तर भाषणाआधी मुलींचं स्वच्छतागृह बघा. आतून कडी लागते का, बादलीत पाणी आहे का, झाकणाचा डबा आहे का, उजेड आहे का? यातलं एक नसलं तरी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवीला जळजळ घेऊन तुमच्याकडे येतात आणि पाळीच्या चार दिवसांत घरी बसतात. महिन्याचे चार म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांत चाळीस दिवस. त्यातच गणित मागे पडतं आणि "पोरीला डोकं नाही" असा शेरा बसतो.

दुसरी गोष्ट, रक्त. आठवड्याची निळी लोहगोळी, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, मुलींच्या दप्तरात सापडते आणि गटारात पडते. कारणं साधी आहेत. उपाशीपोटी दिली की मळमळ होते. एका मुलीला उलटी झाली की अख्खा वर्ग घाबरतो. शौचाला काळं झालं की आई गोळी बंद करते. म्हणून जेवणानंतर, बाईंच्या समोर गिळायला लावा, नंतर तासभर चहा नको आणि काळ्या शौचाबद्दल आईला आधीच सांगा. जंताची 400 मिलिग्रॅमची गोळी वर्षातून दोनदा द्या, चुकवू नका, नाहीतर लोह देऊन उपयोग नाही. 12च्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या मुलीला आठवड्याची गोळी पुरत नाही. तिला रोज दोन गोळ्या, अशा तीन महिने द्या. 8च्या खाली असेल तर वरच्या रुग्णालयात पाठवा.

डोक्यात जट असलेली मुलगी आली तर तिला फक्त त्वचेचा रोग म्हणून बघू नका. जट म्हणजे न विंचरलेले, गुंतून चिकटलेले केस, पण घरात ती देवीची खूण मानली जाते आणि त्या भीतीपोटी मुलीची शाळा सुटते, कधी तिला देवाला सोडण्याची गोष्ट निघते. आईला आरशात दाखवा, आत उवा आहेत, टाळूला जखम आहे, जटेच्या वजनाने मान दुखते. जबरदस्तीने कापू नका. घरात पुढे कोणी आजारी पडलं की दोष मुलीवर येतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या भागात हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांना बोलवा, घरच्यांच्या होकाराने कापा आणि पुढचे दोन-तीन महिने घरी जाऊन या.

सोनोग्राफी करून मुलीचा गर्भ पाडला जातो, त्याबद्दल थोडक्यात. 2011च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलग्यांमागे मुली 900च्याही खाली होत्या आणि 2017मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी 19 भ्रूण सापडले. तुमच्या केंद्रावर यंत्र नसलं तरी दोन मुली असलेल्या, तिसऱ्यांदा गरोदर बाईचं नाव चौथ्या-पाचव्या महिन्यात यादीतून अचानक गळतंय का, हे आशांच्या वहीत दर महिन्याला बघा. "आपोआप पडलं" अशी नोंद असेल तर घरी जाऊन बाईची प्रकृती विचारा, दमात घेऊ नका. तिच्यावर आधीच बेतलेलं असतं. कुठे नेलं होतं हे ती बोलली, तर तालुक्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांना (गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांना) लेखी कळवा, तिचं नाव घालू नका आणि पोच घ्या.

बदलीची ऑर्डर आली की या सगळ्याच्या नोंदी कुलूपबंद वहीत पुढच्या डॉक्टरच्या हाती द्या. त्या वहीत मुलींची नावं नकोत, केसपेपरचे क्रमांक असू द्या. नववीतल्या कोणाची हजेरी कधी विचारायची, कोणाच्या मनाईहुकमाची तारीख कोणती, जट कापलेल्या घरी शेवटची भेट कधी झाली, एवढं त्यात असलं की नवी डॉक्टर पहिल्याच सोमवारी फोन लावू शकते.