तासाला साठ पोळ्या आणि गच्चीवरचे किलोवॅट

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा पहिला जो मुलगा घरी आला, त्याने आमचं लाईटबिल हातात घेतलं, 'मंजूर भार ५ किलोवॅट' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं पाच किलोवॅटचं घर आहे, पाच किलोवॅटच बसवा." मग मोबाईल काढून पाचाला बाराने गुणलं. "दिवस बारा तासांचा. रोजचे साठ युनिट. बिल विसरून जा." आमचं महिन्याचं जळतं सरासरी २८० युनिट, म्हणजे रोजचे सव्वानऊ. मी विचारलं, मग उरलेल्या पन्नास युनिटांचं करू काय, सिंहगडावर रोषणाई? तो हसला, मीही हसले. पण तो गेल्यावर लक्षात आलं की त्याचं नेमकं कुठे चुकलं ते मलाही सांगता आलं नसतं.

आता सांगता येतं, आणि ते पोळ्यांमुळे.

पुण्याच्या धायरीत मी अठरा वर्षं पोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या. माझ्याकडच्या एका मावशींचा हात असा चालायचा की तासाला साठ पोळ्या. दुसऱ्या होत्या त्यांच्या चाळीस व्हायच्या. हा झाला हाताचा वेग. गिऱ्हाईक वेगाचे पैसे देत नाही, ते डबा उघडून पोळ्या मोजतं आणि त्याचे देतं. किलोवॅट म्हणजे हाताचा वेग आणि युनिट म्हणजे डब्यातल्या पोळ्या. साठच्या हाताने तीन तास काम केलं की १८० पोळ्या. एक किलोवॅटची इस्त्री सलग एक तास तापली की एक युनिट. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की तोही एकच युनिट. आणि ७५० वॅटचा मिक्सर चटणीपुरता पाच मिनिटं फिरला, तर युनिटाचा सोळावा हिस्सा. कानाला मिक्सर गीझरपेक्षा कितीतरी खर्चिक वाटतो, पण मीटरला कान नसतात.

घोटाळा खरा नावात आहे. युनिटाचं पूर्ण नाव किलोवॅट-तास. त्यात तास दिसतो म्हणून माणसाला तोच वेग वाटतो, आणि किलोवॅटमध्ये तास दिसत नाही म्हणून ती वस्तू वाटते. आहे नेमकं उलट. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, आणि ज्यूल हे ऊर्जेचं माप. 'सेकंदाला' हे त्याच्या पोटातच बसलेलं आहे. म्हणून कुणी 'किलोवॅट प्रति तास' असं लिहिलं, की ते 'तासाला साठ पोळ्या, प्रति तास' असं होतं. तासाने भागायचं नसतं, गुणायचं असतं. मला आलेल्या तीन कोटेशनपैकी दोनांत हे प्रति तास होतं. मी त्या दोघांना लगेच नकार दिला असं नाही, पण पुढचे आकडे चष्मा लावून वाचले.

आता तो मंजूर भार. तो म्हणजे स्वयंपाकघरात एका वेळी किती तवे पेटवायची परवानगी आहे, एवढंच. गीझर, एसी, पाण्याची मोटर आणि इस्त्री एकदम चालू झाली तर महावितरणच्या तारेवर आणि आपल्या एमसीबीवर (जास्त ओढ आली की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) किती ओढ येईल, त्याची मर्यादा. त्यावरून महिन्याला पोळ्या किती लाटल्या हे कळत नाही. आमच्या समोरच्या काकांचाही मंजूर भार पाचच आहे आणि ते दोघंच राहतात, बिल ९० युनिटांच्या वर जात नाही. सोलर निवडताना या आकड्याचा उपयोग एकच: नेट मीटरिंगच्या (म्हणजे आपली जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि बिलातून वजा होते, त्या सोयीच्या) २०१९ च्या नियमांप्रमाणे मंजूर भारापेक्षा मोठं सोलर, भार वाढवून घेतल्याशिवाय, घरावर चढवता येत नाही. म्हणजे तो छत आहे. त्या मुलाने छताची उंची मोजून मला त्याच मापाचा ब्लाउज शिवायला काढला होता.

मोजायला सुरुवात बिलाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून करा. मागच्या बारा महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. मी तो ऑर्डरींच्या जुन्या वहीत उतरवून काढला: जानेवारी २४०, फेब्रुवारी २३५, मार्च २९०, एप्रिल ३७०, मे ३९५, जून ३००, मग जुलै ते सप्टेंबर अडीचशेच्या आसपास, ऑक्टोबर हीटमध्ये २८०, आणि पुन्हा २४५, २४५. वर्षाचे ३,३६०. एकटं मे महिन्याचं बिल पाहून सोलर घेतलं तर मोठं होतं, जानेवारीचं पाहून घेतलं तर तोकडं. वर्षच धरायचं, कारण नेट मीटरिंगमध्ये एका महिन्यात जास्त तयार झालेले युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी जे उरतात त्यांना मिळणारा भाव आपण वीज घेतो त्या भावापेक्षा बराच कमी असतो. म्हणून ढीगभर उरवण्यात शहाणपणा नाही.

त्यात पुढचं वाढवायचं. मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे. तिची बॅटरी तीन युनिटांची. (हो, बॅटरी युनिटात मोजायची, किलोवॅटमध्ये नाही. शोरूममधल्या मुलीने मला मोटरचा आकडा बॅटरीचा म्हणून सांगितला होता.) धायरी ते हिंजवडी आणि परत, रोजचे पन्नास किलोमीटर, त्याला जातात साधारण दीड-पावणेदोन युनिट. महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर सदतीस-अडतीस. सूनबाईंना इंडक्शन हवं होतं, त्याचा रोजचा एक युनिट मी धरला. बेरीज महिन्याला साडेतीनशेच्या जरा आत, वर्षाला ४,२०० च्या खाली. हा झाला डबा. तो भरायला केवढा हात लागेल, हा पुढचा प्रश्न.

त्याआधी एक गंमत करून बघा, कारण ती केल्याशिवाय हे सगळं कागदावरच राहतं. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी एका युनिटाला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. आमच्या जुन्या मीटरवर ३२०० होता, तुमचा वेगळा असू शकेल. रात्री सगळं बंद करून फक्त फ्रीज आणि दोन पंखे ठेवले आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजलं: १६ वेळा. सोळाला ३२०० ने भागलं की त्या मिनिटात गेलेले युनिट, ०.००५. त्याला साठने गुणलं की वेग, ०.३ किलोवॅट. मग ह्यांना गीझर लावायला सांगितला. दिवा असा सुटला की मोजताना जीभ अडखळायला लागली. मिनिटाला शंभराच्या वर भर पडली. दिव्याची घाई म्हणजे किलोवॅट, आणि लुकलुकण्यांची एकूण संख्या म्हणजे युनिट. माझ्या जावेला फोनवर अर्धा तास समजावून जे कळलं नव्हतं, ते मीटरसमोर पाच मिनिटांत कळलं. दिवाळीत आलेल्या भाच्यालाही मी हेच करायला लावलं, तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आता बारा तासांचं गणित. मावशी सकाळी सातला यायच्या. पहिला अर्धा तास कणीक, तवा तापणं, गप्पा. नऊ ते अकरा साठचा वेग. बारानंतर हात जड. पूर्ण वेळ साठच्या वेगाने कुणीच लाटत नाही. सूर्यही नाही. सकाळी आठचं तिरकं ऊन पॅनेलला चाटून जातं, दुपारी बाराला तो जोरात असतो, चारनंतर पुन्हा मलूल. दिवसभराचं हे सगळं चढउताराचं ऊन एकत्र करून 'पूर्ण जोराचे तास किती' असं विचारलं, तर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने ते पाचाच्या आसपास येतात. त्यातून उष्णता, धूळ, तारा आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारा डबा) आपापला वाटा काढून घेतात. हातात उरतात रोजचे चार. एक किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट, महिन्याला १२०. म्हणजे त्या मुलाचं पाच किलोवॅट रोजचे साठ नाही, वीस युनिट देणार होतं, आणि तेही आम्हाला नको होते.

आमचा जुना वापर रोजचा ९.२ युनिट. चाराने भागला की २.३ किलोवॅट. स्कूटर आणि इंडक्शन धरून वर्षाचे ४,२०० म्हणजे रोजचे साडेअकरा. चाराने भागले की २.९. पॅनेल ५४० वॅटचं होतं, पाच घेतले तर २.७ आणि सहा घेतले तर ३.२४ किलोवॅट. मी सहा घेतले. त्यात थोडा लोभही होता: पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि तीनच्या पुढे कितीही बसवलं तरी अनुदान ७८ हजारांवर थांबतं. तीनपाशी थांबणं सरकारलाही बरं वाटतं आणि मलाही. जागा किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट धरा, वर टाकी आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडून. पॅनेलांची तोंडं दक्षिणेला, उतार अठरा-वीस अंश. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे म्हणून.

बसवल्यावर पहिल्या एप्रिलमध्ये मी रोज बाराला मोबाईलवरचा आकडा पाहायची आणि रोज चिडायची. ३.२४ चे पैसे दिले, दिसतात २.६. फसवलं म्हणून फोन करणार होते. फोन करण्याआधी पॅनेलच्या मागच्या बाजूचा कागद वाचला ते बरं झालं. पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन, आणि पॅनेलचं स्वतःचं तापमान २५ अंश. धायरीत एप्रिलच्या दुपारी काळी काच साठ अंशांपर्यंत सहज तापते. वरच्या प्रत्येक अंशाला ०.३५ टक्का जातो, म्हणजे ३५ अंशांना बारा टक्के. वर धूळ. सोलरला ऊन हवं असतं, गरमी नको असते. हे दोन वेगळे आहेत हे पुण्यात राहून मला साठीला कळलं. पाऊस पडून गेल्यावर निळं आभाळ आणि वारा असेल तेव्हा आकडा सगळ्यात वर चढतो, एप्रिलच्या रणरणत्या दुपारी नाही.

पावसाळ्याबद्दल मनाची तयारी ठेवा. आमच्याकडे एप्रिलमध्ये चांगल्या दिवशी चौदा युनिट पडतात. जुलैमध्ये झड लागली की चारही पाहिले आहेत. पहिल्या वर्षाचे मिळून ४,२०० च्या आसपास झाले, रोजचे साडेअकरा. हिशोबाने तेरा यायला हवे होते. पश्चिमेला नवीन उठलेल्या चार मजली बिल्डिंगची सावली चारनंतर दोन पॅनेलांवर येते, तिथे तो दीड युनिट गेला. पॅनेल एका माळेत जोडलेले असले की एकावरची सावली बाकीच्यांनाही मागे खेचते. ऑर्डर देण्याआधी डिसेंबरातल्या एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला गच्चीवर खडूने सावलीच्या रेघा ओढून ठेवा. डिसेंबर अशासाठी की तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावल्या सगळ्यात लांब पडतात. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या काठीलाही सावली नसते. तेव्हा पाहणी करून काही समजत नाही, पण माझी पाहणी नेमकी मे महिन्यातच झाली होती.

कोटेशन आलं की त्यात तीन आकडे वेगळे लिहून मागा: पॅनेलचे मिळून किलोवॅट, इन्व्हर्टरचे किलोवॅट, आणि वर्षाला अपेक्षित युनिट. पहिले दोन सारखे नसले तरी घाबरू नका, आमचे पॅनेल ३.२४ आणि इन्व्हर्टर ३ चा आहे. पॅनेल पूर्ण आकड्याला क्वचितच पोचतात, त्यामुळे चालतं. तिसरा आकडा लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याला चहा द्या आणि पाठवून द्या. आणि बिल शून्य होईल असं कुणी म्हणालं तर स्थिर आकार कोण भरणार ते विचारा. तो सोलर लावूनही येतोच.

एक शेवटचं, कारण याच्यावरून आमच्या घरी भांडण झालं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेले, बाहेर लख्ख ऊन, गच्चीवर सहा पॅनेल आणि घरात अंधार. ह्यांना वाटलं मीच काहीतरी बंद केलं. बॅटरी नसलेलं नेट मीटरचं सोलर बाहेरचा पुरवठा गेला की स्वतःहून थांबतं, खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून. तो दोष नाही. मग लाईट गेल्यावर वापरायच्या आमच्या जुन्या, वेगळ्या इन्व्हर्टरची बॅटरी किती पुरेल ते काढायला बसलो. तिच्यावर १५० अँपिअर-तास लिहिलेलं होतं, व्होल्ट बारा. गुणाकार १,८०० वॅट-तास, म्हणजे भरलेल्या डब्यात १.८ युनिट, आणि जुनी असल्याने तेवढेही नाहीत. तीन पंखे, दोन दिवे आणि वायफाय मिळून पाव किलोवॅट धरला तर पाच-सहा तास निघतात. ह्यांनी विचारलं, गीझर? गीझर दोन किलोवॅटचा. तेवढा वेग त्या इन्व्हर्टरला झेपतच नाही, डब्यात कितीही असलं तरी. त्या गुरुवारी आंघोळीचं पाणी गॅसवर तापलं.